माया की मजुरी?

शिक्षकदिनाच्या भाषणांत एक वाक्य हमखास असते : शिकवणे हा पेशा नव्हे, ते व्रत आहे. वाक्य ऐकायला बरे वाटते आणि ते अगदीच खोटे आहे असेही नाही. पण कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्याला किंवा बँकेतल्या रोखपालाला असे वाक्य कोणी ऐकवत नाही. त्यांनी काम चोख करावे आणि महिनाअखेर पगार घ्यावा, एवढीच अपेक्षा असते. 'हे काम तुम्ही पैशांसाठी करता की मनापासून?' हा प्रश्न काही ठराविक कामे करणाऱ्यांच्याच वाट्याला येतो. मुलांना शिकवणे, तान्ह्या बाळाला सांभाळणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे सगळे करणे, ही ती कामे.

या प्रश्नात खरे म्हणजे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. माणूस हे काम का करतो, हा एक. आणि त्याला त्याबद्दल काय मिळावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'मायेने' असे आले, की दुसऱ्याचे उत्तर 'थोडेच' असे परस्पर देऊन टाकले जाते. हे परस्पर दिलेले उत्तर कसे तयार झाले आणि ते तपासून पाहिल्यावर काय निघाले, हे आपण एका कामाच्या इतिहासातून पाहू. काम आहे वृद्ध, आजारी व अपंग माणसांचा त्यांच्या घरी जाऊन सांभाळ करण्याचे. इतिहास आहे अमेरिकेतला, कारण तेथे हा वाद कायद्याच्या कलमांतून, न्यायालयांतून आणि पुढे संशोधकांच्या आकडेमोडीतून गेला आणि त्याची नोंद राहिली.

काम काय असते?

आपल्या शहरांत हल्ली 'ब्यूरो'कडून बारा तासांची बाई मिळते. घरातले लोक तिला मावशी म्हणतात. अमेरिकेतही हे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत. या लेखात आम्ही त्यांना 'मदतनीस' म्हणू.

मदतनीस रुग्णाला उठवते, अंघोळ घालते, कपडे बदलते, शौचाला नेते किंवा भांडे देते. जो स्वतः हलू शकत नाही त्याला ठराविक वेळाने कुशीवर वळवते; नाहीतर सतत दाबल्या गेलेल्या कातडीचा रक्तपुरवठा कमी पडून तेथे जखमा होतात. घास घशात अडकू नये म्हणून बसवून, सावकाश भरवते. कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे ध्यानात ठेवते. स्मृतिभ्रंश झालेला माणूस एकच प्रश्न वीस वेळा विचारतो. त्याला वीस वेळा उत्तर देते. रुग्णालयात परिचारिकेला हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो, दुसरी परिचारिका असते. घरात मदतनीस एकटी असते.

या कामाचे दोन गुणधर्म पुढच्या इतिहासासाठी महत्त्वाचे आहेत. एक, ते घरात चालते, त्यामुळे ते कामासारखे न दिसता घरकामासारखे दिसते. दोन, ते चांगले झाले की काहीच घडत नाही. जखम होत नाही, माणूस पडत नाही, रुग्णालयात न्यावे लागत नाही. जे घडले नाही ते हिशेबाच्या वहीत मांडता येत नाही.

मंदीत सुरू झालेले काम

१९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेत लाखो लोकांचे रोजगार गेले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३५ साली बेकारांना काम देणारी मोठी योजना सुरू केली. आपल्याकडच्या रोजगार हमीच्या कामांशी तिची तुलना करता येईल. रस्ते, पूल, शाळांच्या इमारती ही पुरुषांची कामे झाली. गरीब स्त्रियांना काय काम द्यायचे? त्यांतल्या काहींना आजारी आणि वृद्ध लोकांच्या घरी मदतीला पाठवण्यात आले. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. आयलीन बोरिस आणि जेनिफर क्लाइन या दोन इतिहासकारांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही हकीकत तपशिलाने आली आहे. या कामाचा जन्म असा दुहेरी झाला. ते आजाऱ्यांसाठी मदत होते आणि करणाऱ्या स्त्रियांसाठीही मदतच होते. ज्याला आपण 'मदत' म्हणून काम देतो, त्याने मोबदल्याबद्दल घासाघीस करावी हे आपल्याला आवडत नाही.

याच सरकारने १९३८ साली कामगारांसाठी एक मूलभूत कायदा केला. तासाला किमान २५ सेंट मजुरी ठरली, ठराविक तासांपेक्षा अधिक काम केल्यास त्या तासांसाठी दीडपट दर ठरला, बालमजुरीवर बंधने आली. पण हा कायदा राज्याराज्यांमधल्या व्यापाराशी संबंधित उद्योगांपुरता होता. शेतमजूर आणि घरकामगार त्याच्या बाहेर राहिले. घरकामगारांना आत यायला ३६ वर्षे लागली.

'सोबतीण' हा शब्द

१९७४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि घरात काम करणाऱ्यांनाही किमान वेतनाचा हक्क मिळाला. मात्र त्याच दुरुस्तीत दोन अपवाद ठेवले गेले. अधूनमधून मुले सांभाळणारे हा एक; आणि वय किंवा दुर्बलता यांमुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला 'सोबत' देणारे, हा दुसरा. पहिला अपवाद समजण्यासारखा आहे. शेजारची शाळकरी मुलगी संध्याकाळी दोन तास बाळाजवळ बसते, तिला कामगार कायदा कशाला लावायचा? दुसऱ्या अपवादामागेही असेच चित्र होते. शेजारची कोणी बाई म्हाताऱ्या आजोबांजवळ गप्पा मारत बसली आहे, चहा करून देते आहे.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कामगार खात्याने या कलमाचे नियम केले. त्यांत दोन गोष्टी ठरल्या. सोबतीबरोबर थोडे घरकाम केले, आठवड्याच्या एकूण वेळेच्या २० टक्क्यांपर्यंत, तरी ती सोबतच धरली जाईल. आणि मदतनीस त्या कुटुंबाची नोकर नसून एखाद्या खासगी कंपनीची पगारी नोकर असली, तरीही अपवाद लागू राहील. म्हणजे कंपनी घरोघर माणसे पाठवून पैसे मिळवते, पाठवलेली स्त्री आठवड्याला साठ-सत्तर तास राबते, पण कायद्याच्या भाषेत ती 'सोबतीण' आहे, कामगार नव्हे.

तेव्हाचा काळही लक्षात घेतला पाहिजे. १९६५ साली अमेरिकेत वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी वैद्यकीय साहाय्याच्या योजना सुरू झाल्या होत्या. आयुर्मान वाढत होते. वृद्धांना शुश्रूषागृहात ठेवणे महाग पडत होते आणि बहुतेक वृद्धांना आपल्याच घरी राहायचे होते. त्यामुळे घरी जाऊन सांभाळणाऱ्यांची मागणी वाढत गेली. शेजारच्या बाईच्या चित्रावर केलेला नियम आता एका मोठ्या उद्योगाला लागू होऊ लागला.

एव्हलिन कोक यांचा दावा

या नियमाला आव्हान देणाऱ्या स्त्रीचे नाव एव्हलिन कोक. जमैकात जन्मलेल्या कोक १९७० साली अमेरिकेत आल्या. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागातल्या एका खासगी कंपनीमार्फत त्यांनी सुमारे २० वर्षे वृद्धांचा व आजाऱ्यांचा सांभाळ केला. काही आठवड्यांत त्यांचे काम ७० तासांपर्यंत जाई. जादा तासांचा दीडपट दर त्यांना कधी मिळाला नाही. २००२ साली त्यांनी दावा लावला.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विरोधी बाजूचा एक मुद्दा खर्चाचा होता. दर वाढला तर वृद्धांना घरी मदतनीस परवडणार नाही, त्यांना संस्थेत जावे लागेल, असे सांगितले गेले. ११ जून २००७ रोजी न्यायालयाने एकमताने कोक यांच्याविरुद्ध निकाल दिला. निकालाचा नेमका अर्थ पाहण्यासारखा आहे. हा नियम न्याय्य आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. कायदेमंडळाने तपशील ठरवण्याचे काम खात्यावर सोपवले होते, खात्याने अधिकारात राहून नियम केला, म्हणून तो वैध आहे, एवढेच न्यायालय म्हणाले. म्हणजे बदल करायचा तर तो खात्याने किंवा कायदेमंडळाने करायचा.

कोक २००९ साली, वयाच्या ७४ व्या वर्षी वारल्या. खात्याने नियम बदलला तो २०१३ मध्ये. कंपन्यांमार्फत काम करणाऱ्या सुमारे २० लाख मदतनिसांना किमान वेतन आणि जादा तासांचा दर लागू झाला. त्यालाही न्यायालयात विरोध झाला आणि प्रत्यक्ष अंमल २०१५ च्या शरद ऋतूत सुरू झाला. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच खात्याने हा बदल मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. ५० वर्षांनंतरही 'सोबतीण की कामगार' हा वाद मिटला नाही, असा याचा अर्थ.

प्रयोग कोणावर झाला?

कायद्याचा इतिहास असा चालू असताना दुसरीकडे 'माणसे काम का करतात' याचे शास्त्र आकार घेत होते. त्यातले तीन अभ्यास वारंवार सांगितले जातात.

१९५९ साली मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. कामात खूप आनंद कधी वाटला आणि खूप वाईट कधी वाटले, असे त्यांना विचारले होते. आनंदाच्या आठवणींत काहीतरी साध्य केल्याचे समाधान, कौतुक, जबाबदारी या गोष्टी आल्या. वाईट आठवणींत कंपनीची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, पगार अशा गोष्टी अधिक आल्या. हर्झबर्ग यांनी या दुसऱ्या गटाची तुलना सार्वजनिक स्वच्छतेशी केली. स्वच्छ पाण्याने माणूस बलवान होत नाही, पण घाण पाण्याने आजारी पडतो.

१९७० साली रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने रक्तदानावर ग्रंथ लिहिला. ब्रिटनमध्ये रक्त विनामूल्य दिले जाई, अमेरिकेत काही प्रमाणात विकत घेतले जाई. विकतच्या रक्तातून कावीळ पसरण्याचा धोका अधिक होता, कारण पैशांची गरज असलेला माणूस आपला आजार लपवतो. दानाच्या व्यवहारात पैसा आणला तर दानाची वृत्ती मरते, असा टिटमस यांचा इशारा होता.

१९७१ साली एडवर्ड डेसी यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. मध्यंतरी काही विद्यार्थ्यांना प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला आणि नंतर पैसे बंद केले. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात ते विद्यार्थी आपणहून कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. जी गोष्ट गंमत म्हणून केली जात होती, तिला पैसे लावल्यावर तिची गंमत कमी झाली. शाब्दिक कौतुकाचा परिणाम मात्र असा झाला नाही.

तिन्ही अभ्यास महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांतून 'पैशाने सेवेची वृत्ती बिघडते' असा सरसकट निष्कर्ष काढून तो मदतनिसांना, परिचारिकांना आणि शिक्षकांना लावण्याची सवय अनेकांना लागली. प्रयोगशाळेत कोणताही निष्कर्ष समोर आला, की आम्ही आधी विचारतो : नमुना कोणाचा होता? येथेही तेच विचारू. हर्झबर्ग यांचे अभियंते चांगल्या पगाराच्या नोकरीत होते. टिटमस यांचा रक्तदाता वर्षातून एक-दोनदा थोडा वेळ देतो. त्याचे पोट दुसऱ्या कामावर चालते. डेसी यांचे विद्यार्थी खेळत होते. कोडे सुटले नाही म्हणून त्यांच्या घरची चूल अडत नव्हती. तिघांपैकी कोणाचाही नमुना आठवड्याला ७० तास काम करून घरभाडे भरणाऱ्या स्त्रीचा नव्हता. उलट हर्झबर्ग यांचे म्हणणे नीट वाचले तर ते तिच्या बाजूचे आहे. आधी घाण पाणी बंद करा, मग कौतुकाचे बोला.

'कमी पगाराची परिचारिकाच चांगली'

२००५ साली या युक्तिवादाने अर्थशास्त्रात गणिती रूप घेतले. अँथनी हेझ यांनी आरोग्यविषयक अर्थशास्त्राच्या एका नामवंत नियतकालिकात लेख लिहिला. कमी पगाराची परिचारिका चांगली परिचारिका का असते, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. तर्क असा : ज्यांना या कामाची ओढ आहे ते कमी पगारातही येतील. ज्यांना ओढ नाही ते केवळ चांगल्या पगारासाठी येतील. म्हणून पगार कमी ठेवला तर तो चाळणीसारखा काम करतो; ओढ असलेलेच आत येतात.

२००६ साली ज्युली नेल्सन आणि नॅन्सी फोल्ब्रे या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी त्याला उत्तर दिले. चाळणीच्या तर्कात न सांगता गृहीत धरलेल्या गोष्टी त्यांनी उघड केल्या. ओढ असणे आणि पैशांची गरज असणे या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत, हे कोणी ठरवले? एखाद्या स्त्रीला कामाची ओढही असेल आणि दोन मुले वाढवायचीही असतील. कमी पगाराच्या चाळणीतून ती बाहेर पडेल. आत कोण राहील? ज्यांना घरातून दुसरा आधार आहे ते, आणि ज्यांना दुसरे कोणतेच काम मिळत नाही ते. चाळणी माया मोजत नाही. ती माणसाची आर्थिक परिस्थिती मोजते.

ही दुरुस्ती आपल्याला पटली, तरी ती तर्कानेच केलेली आहे. तर्काला तर्काने उत्तर देता येते. निवाडा मात्र मोजणीनेच व्हायचा असतो.

मोजून पाहिले तेव्हा

अशी संधी कॅलिफोर्नियात आली. तेथे गरीब वृद्ध व अपंग व्यक्तींना घरी मदतनीस ठेवण्यासाठी सरकारी योजनेतून पैसे मिळतात. मदतनीस कोण असावी हे ती व्यक्तीच ठरवते. ती तिची मुलगी किंवा सूनही असू शकते. या मदतनिसांचा मालक कोण, हेच बरीच वर्षे ठरत नव्हते. निवड करणारी वृद्ध व्यक्ती, की पैसे देणारे सरकार? मालकच नाही तर वेतनाची बोलणी करायची कोणाशी? मोठ्या लढ्यानंतर कायद्याने तशी सार्वजनिक यंत्रणा निर्माण झाली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या ७४,००० मदतनीस मतदान करून एका कामगार संघटनेत सामील झाल्या. एकमेकींना कधी न भेटता वेगवेगळ्या घरांत काम करणाऱ्या या स्त्रिया होत्या.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये याच सुमारास ५२ महिन्यांत मदतनिसांचे वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्यांना आरोग्यविमाही मिळाला. कँडेस हाउझ या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी या काळातल्या नोंदी तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी, नव्याने आलेल्या १०० मदतनिसांपैकी एका वर्षानंतर कामावर टिकत ३९. नंतर टिकू लागल्या ७४. या काळात वेतनाखेरीज इतरही गोष्टी बदलत होत्या, हे खरे. म्हणून हाउझ यांनी सांख्यिकीच्या साहाय्याने वेतनाचा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या हिशेबाने, तासाला ८ डॉलर मिळत असताना एक डॉलर वाढ झाली, तर शंभरांमागे आणखी सुमारे १७ जणी वर्षभर टिकतात.

त्याच संशोधिकेने २००८ साली माया, पैसा आणि वेळेची सोय यांपैकी काय या कामाकडे ओढते, असा थेट प्रश्न घेतला. ज्या व्यक्तीला सांभाळायचे तिच्याबद्दलची बांधिलकी उत्तरांत अग्रभागी होती. परंतु वेतन, आरोग्यविमा आणि सोयीच्या वेळा याही अनेकींसाठी निर्णायक होत्या. म्हणजे 'माया की मजुरी' असे विचारले तर उत्तर 'दोन्ही' असे येते, आणि ते दोन वेगळ्या प्रश्नांचे उत्तर असते. या कामाकडे, या माणसाकडे का आलात? मायेने. किती दिवस राहू शकाल? जितके दिवस घर चालेल तितके.

येथे आम्हाला एक गोष्ट जोडावीशी वाटते. माया कामाच्या पहिल्या दिवशी पिशवीत घालून आणता येत नाही. आजोबांना चहा कोमट लागतो, खिडकी उघडी लागते, दुखले तरी ते सांगत नाहीत, फक्त गप्प होतात, हे कळायला काही महिने जातात. दर पाच-सहा महिन्यांनी मदतनीस बदलली तर हे ज्ञान जमतच नाही, आणि त्याबरोबर वाढणारा जिव्हाळाही वाढत नाही. म्हणून पुरेसे वेतन मायेची जागा घेत नाही. ते मायेला रुजायला वेळ देते.

पण चांगले वेतन किंवा बढतीची आशा दाखवली तर 'चुकीची' माणसे येतील, ही हेझ यांची शंका उरतेच. ती जवळून तपासणारा एक प्रयोग आफ्रिकेतल्या झांबिया देशात झाला. तेथील सरकारने २०१० साली ग्रामीण भागात घरोघर जाणाऱ्या आरोग्य साहाय्यकांचे नवे पद निर्माण केले. भरतीच्या जाहिराती ४८ जिल्ह्यांत लागल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे जिल्हे दोन गटांत विभागले. एका गटातल्या भित्तिपत्रकावर गावाची सेवा करण्याचे आवाहन होते, दुसऱ्या गटात पुढे मिळणाऱ्या बढतीची माहिती होती. निवड झाल्यावर सर्वांना काम आणि पगार सारखाच. नावा अश्रफ आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, बढतीची जाहिरात वाचून आलेल्यांनी सेवेची जाहिरात वाचून आलेल्यांपेक्षा २९ टक्के अधिक घरभेटी दिल्या. स्वतःची उन्नती हवी असणे आणि दुसऱ्याच्या दारी आस्थेने जाणे यांत वैर नाही, असे या आकड्यावरून दिसते.

आपल्याकडचे शब्द

अमेरिकेत 'सोबतीण' या शब्दाने जे केले, ते आपल्याकडे दुसऱ्या काही शब्दांनी केले आहे. १९७५ मध्ये, म्हणजे अमेरिकेत तो नियम झाला त्याच वर्षी, आपल्याकडे अंगणवाड्या सुरू झाल्या. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना पगार नव्हे, मानधन ठरले. शब्दात मान आणि धन दोन्ही आहेत. व्यवहारात त्याचा अर्थ 'हा पगार नव्हे' एवढाच उरतो. या स्त्रियांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. म्हणजे त्याला ४६ वर्षे लागली.

२००५ साली 'आशा' आल्या. महाराष्ट्रात त्यांना आशा स्वयंसेविका म्हणतात. २०११ पासून नवजात बाळाच्या घरी जाऊन तपासणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत सहा भेटी, बाळंतपण घरी झाले असेल तर सात. आणि सर्व भेटींचे मिळून २५० रुपये. घरी जाऊन सांभाळ करण्याचे हेही काम आहे, आणि त्याने बाळे वाचतात हे गडचिरोलीत राणी व अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दाखवले होते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण तो कशाच्या ऐवजी नसावा.

आणि शिक्षक? २००० साली महाराष्ट्रात नव्या शिक्षकांना पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून नेमण्याची पद्धत सुरू झाली. प्राथमिक शाळेत तेव्हा महिना ३,००० रुपये मानधन ठरले. पुढे ही रक्कम वाढली, पण शब्द पाहा : सेवक आणि मानधन. तोच वर्ग, तीच मुले, तोच अभ्यासक्रम. वेगळा होता तो फक्त शब्द, आणि त्याच्या आडून रक्कम.

वर्गात करण्याजोगे

हा विषय आठवी ते बारावीच्या वर्गात घेता येईल. विद्यार्थ्यांना एक आठवडाभर आपल्या घरात किंवा ओळखीच्या घरात चालणाऱ्या सांभाळाच्या कामांची नोंद करायला सांगावी. काम काय, किती वेळ लागला, कोणी केले, त्यात काय चुकले असते तर काय झाले असते, आणि मोबदला मिळाला का, असे पाच रकाने करावेत. चौथा रकाना भरायला मुलांना वेळ लागतो. न घडलेल्या गोष्टीची नोंद करण्याची सवय त्यांना नसते, म्हणून तो मुद्दाम ठेवावा. कोणाच्या घरी मावशी येत असतील तर त्यांच्याशी आदराने, त्यांच्या सवडीने बोलावे आणि त्यांचे नाव वहीत लिहू नये.

नंतर फळ्यावर एक वाक्य लिहावे : 'पैसे दिले की आपुलकी राहत नाही.' ते बरोबर की चूक, असे विचारू नये. हे वाक्य तपासायचे तर प्रयोग कसा करावा, तो कोणावर करावा, काय मोजावे आणि किती काळ मोजावे, असे विचारावे. हर्झबर्ग, टिटमस आणि डेसी यांचे नमुने सांगून, ते मावशींना लागू पडतील का, यावर गट पाडून चर्चा घ्यावी. विज्ञानाच्या तासाला आपण निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक शिकवतो. तो फरक लिटमस कागदापुरता नाही, हे मुलांना येथे दिसेल. आणि पुढे कोणी त्यांना 'हे काम नव्हे, सेवा आहे' असे सांगितले, तर सेवेबद्दलचा आदर न सोडता ती विचारतील, की तास किती आणि पगार किती?